म्हातारी इंजिनं आणि सपोर्टवाले

काल रात्री अडीच वाजता मी क्यूबात होतो.

म्हणजे देह पुण्यातच. बाणेरचा फ्लॅट, मांडीवर लॅपटॉप, शेजारी गार झालेला चहा. महिनाअखेरचा बॅच जॉब चालू होता आणि तो संपेपर्यंत जागं राहणं माझ्या नशिबी होतं. दर दहा मिनिटांनी लॉग बघायचा, मधल्या वेळात करायचं काय? मग दुसऱ्या खिडकीत यूट्यूब. कुठून कुठे भरकटलो ते आता आठवत नाही, पण पोचलो ते क्यूबातल्या साखर कारखान्यांच्या रेल्वेवर. नव्वदच्या दशकात परदेशी रेल्वेवेड्यांनी तिथे जाऊन केलेलं शूटिंग. दोन्ही बाजूंना उभा ऊस, मधून रूळ, आणि त्यावरून उसाने गच्च भरलेल्या वाघिणी ओढत येणारं एक काळंकभिन्न वाफेचं इंजिन. बाजूला कंपनीची पाटी: बाल्डविन, फिलाडेल्फिया. बनावट १९२० च्या आसपासची. म्हणजे शूटिंग झालं तेव्हा त्याचं वय पंचाहत्तर वगैरे. आणि हे प्रदर्शनात उभं केलेलं इंजिन नव्हे, चक्क ड्यूटीवर!

मी ती क्लिप आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकली आणि जॉब संपल्यावर झोपलो. सकाळी उठून बघतो तर दोन पार्ट्या पडल्या होत्या. एक पार्टी म्हणत होती, "भारी! याला म्हणतात जुगाड. आपल्याकडचेच पाहिजेत हे." दुसरी म्हणत होती, "बघ, सरकारने देशाची काय वाट लावली. नव्वद साल उजाडलं तरी वाफेची इंजिनं!"

मला दोन्ही पटलं नाही. का पटलं नाही हे शोधताना रविवारची सकाळ गेली, आणि त्यातून हा लेख.

पण त्याआधी शुक्रवारची एक गोष्ट सांगतो, कारण ती डोक्यात नसती तर मी ही क्लिप बघून सोडून दिली असती. आमच्या टीममधली एक मुलगी, दोन वर्षांचा अनुभव, हुशार, संध्याकाळी माझ्या टेबलाशी आली.

"सर, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"अगं, विचार की."

"मला सपोर्टमधून बाहेर कधी काढणार? माझ्या बॅचचे सगळे नवीन प्रॉडक्टवर आहेत. मी दोन वर्षं दुसऱ्यांचा जुना कोड निस्तरतेय. घरी स्थळं बघतायत ना, तर आई म्हणते, सपोर्ट-बिपोर्ट म्हणू नकोस, डेव्हलपर म्हणून सांग!"

मी हसलो. ती हसली नाही. मग मी मॅनेजर लोक जे करतात तेच केलं. म्हटलं, "सोमवारी बोलू."

उद्या सोमवार आहे. असो. तर क्यूबा.

ऊस हे विचित्र पीक आहे. तोडला की घड्याळ सुरू होतं. आतली साखर फुटायला लागते, आणि एक-दोन दिवसांत गाळला नाही तर उतारा घसरतो. साखरपट्ट्यातल्या कुणालाही विचारा, कारखान्याच्या दारात गाड्यांची रांग लागली की शेतकऱ्याचा जीव का वरखाली होतो ते. बैलगाडीच्या जमान्यात याचा अर्थ एवढाच होता की बैल जेवढ्या लांबून वेळेत ऊस आणू शकेल तेवढाच कारखान्याचा पसारा. म्हणून १८६० च्या सुमाराला क्यूबात हजारावर छोटे छोटे साखरेचे कारखाने होते. प्रत्येक मळ्याला आपलं आपलं गुऱ्हाळ म्हणा ना.

हे बदललं रेल्वेने. आता एक आकडा बघा. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली १८५३ साली. क्यूबातली पहिली गाडी हवानाहून बेहुकालला गेली १८३७ साली, आणि पुढच्या वर्षी ती लाइन ग्विनेसपर्यंत पोचली. क्यूबा तेव्हा स्पेनची वसाहत होती, आणि खुद्द स्पेनमध्ये पहिली रेल्वे धावली १८४८ साली. मालकाच्या घरी नाही ती वस्तू वसाहतीत अकरा वर्षं आधी! प्रजेच्या प्रवासाची काळजी होती म्हणून? छे. ग्विनेसच्या खोऱ्यातली साखर हवानाच्या बंदरात आणायची होती म्हणून.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रूळ मुख्य लाइनवरून थेट मळ्यांत शिरले. मोठमोठे मध्यवर्ती कारखाने उभे राहिले. त्यांना तिकडे 'सेंत्राल' म्हणतात. कारखान्याने फक्त गाळप करायचं, ऊस आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी पिकवायचा, आणि मधली सगळी ने-आण कारखान्याच्या स्वतःच्या रेल्वेने. हजारावरची संख्या घटत घटत १९५९ सालापर्यंत १६१ वर आली, आणि एकेका कारखान्याभोवती रुळांचं जाळं तयार झालं. उसासाठीचे असे हजारो किलोमीटर रूळ त्या एका बेटावर होते.

आणि इंजिनं? ती आली अमेरिकेतून. बाल्डविन, आल्को, पोर्टर, व्हल्कन. काही जर्मनीतूनही. सगळ्यात जास्त चांदी झाली ती पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे. युरोपात बीटपासून साखर करायचे, त्या बीटच्या शेतांत खंदक खणले गेले आणि जगाला साखर द्यायला उरला ऊस. मे १९२० मध्ये साखरेचा भाव पौंडाला साडेबावीस सेंटपर्यंत चढला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात चार सेंटच्या खाली आपटला. बँका बुडाल्या, कारखाने सावकारांच्या घशात गेले. तेजीत मागवलेली इंजिनं मात्र राहिली. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर कंपन्या गेल्या पण समुद्राखालच्या केबल राहिल्या, तसंच काहीसं.

बाल्डविन हे नाव आपल्याला परकं नाही बरं का. बंदुकीच्या गोळीसारखं नाक आणि त्यावर चांदणी असलेलं आपल्या रेल्वेचं डब्ल्यूपी इंजिन अनेकांच्या वडिलांना आठवत असेल. त्यातली पहिली १६ इंजिनं १९४७ साली बाल्डविननेच करून पाठवली होती.

आता गोष्टीतला कळीचा मुद्दा. सगळे म्हणतात की अमेरिकेने व्यापार बंद केला म्हणून क्यूबाची इंजिनं पोरकी झाली. १९५९ मध्ये क्रांती, १९६० मध्ये कारखान्यांचं राष्ट्रीयीकरण, १९६० ते ६२ मध्ये अमेरिकेची नाकेबंदी, मग स्पेअर पार्ट बंद. हे खरंच आहे. पण अर्धंच. कारण बाल्डविनने १९५६ साली इंजिनं बनवणंच थांबवलं होतं. म्हणजे नाकेबंदी नसती तरी ज्या कंपनीकडे पार्ट मागायचा ती कंपनी आता इंजिनं बनवतच नव्हती. आमच्या भाषेत सांगायचं तर, सिस्टीम प्रॉडक्शनमध्ये आणि व्हेंडर निवृत्त. :-)

अशा परिस्थितीत ही इंजिनं अजून चाळीसेक वर्षं चालली. २००० नंतरची पहिली काही वर्षंसुद्धा काही कारखान्यांत ती ऊस ओढत होती. कशी? ग्रुपवरच्या पहिल्या पार्टीचं उत्तर तयार आहे: जुगाड. माझं म्हणणं असं की जुगाडाने वस्तू आठवडाभर चालते. फार तर हंगामभर चालते. चाळीस वर्षं चालत नाही. चाळीस वर्षं चालते ती देखभालीने. आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जुगाड म्हणजे काय? नेमकं का बिघडलं हे न कळताही चालू करणं. तार बांधा, टेप लावा, सर्व्हर रीस्टार्ट करा. देखभाल म्हणजे का बिघडलं हे कळल्याशिवाय पुढे न जाणं. क्यूबात जे झालं त्यात तार बांधणं असेलच, नाही असं नाही. पण त्याच्या मुळाशी चार गोष्टी होत्या, आणि चारही बघण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे ती यंत्रं उघडता येत होती. वाफेच्या इंजिनात लपवलेलं असं फारसं काही नसतं. बॉयलर आहे, सिलिंडर आहेत, दांडे आहेत, आणि बरंचसं बाहेरूनच दिसतं. बॉयलरच्या नळ्यांत क्षार धरले की धुवायचे, नळी गेली की नळी बदलायची, बेअरिंग झिजलं की पांढरा धातू वितळवून नवं ओतायचं, चाकाची धाव झिजली की लेथवर कातायची. शिवाय बाल्डविन त्या काळातही मापं आणि सुटे भाग प्रमाणित करण्यासाठी प्रसिद्ध होती, त्यामुळे एका इंजिनाचा भाग दुसऱ्याला बसण्याची शक्यता बरी असायची. दोन मेलेल्या इंजिनांतून एक जिवंत उभं करता यायचं. जुन्या वाड्याच्या एकेक तुळया बदलत जाव्यात तसं.

आणि बिघाड कानाने ऐकू यायचा. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा वाफ सोडतं. छक्-छक्-छक्-छक्. हे चार ठोके सारखे पडले पाहिजेत. एक जरी लंगडा पडला तरी मुरलेल्या ड्रायव्हरला कळतं की व्हॉल्व्हचं टायमिंग हललंय. रेल्वेवाले गमतीने म्हणतात की वाफेच्या इंजिनातला बिघाड शोधायला पाच मिनिटं आणि दुरुस्त करायला पाच दिवस लागतात. डिझेलचं नेमकं उलटं. रात्री अडीच वाजता लॉग वाचणाऱ्या माणसाला यातलं सुख कळेल!

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. साखर कारखाना हाच एक मोठा वर्कशॉप असतो. त्यात बॉयलर आहेत, वाफेवर चालणारी यंत्रं आहेत, लेथ, भट्टी, फिटर, टर्नर, लोहार, सगळं आहे. चरकाचे रोलर ज्याने सांभाळायचे, बॉयलर ज्याने तपासायचा, त्याच माणसांच्या हाताखाली इंजिनंही होती. इंजिन म्हणजे चाकांवरचा छोटा कारखानाच! काही कारखान्यांत तर बिनआगीची इंजिनं होती. त्यांच्यात भट्टीच नाही. पोटात एक मोठी टाकी, कारखान्याच्या बॉयलरमधून तिच्यात दाबाने वाफ भरून घ्यायची आणि ती पुरेल तेवढा वेळ यार्डात वाघिणी ढकलत फिरायचं. चिपाडाच्या ढिगांजवळ ठिणगी पडायची भीती नाही, आणि फायरमनची गरज नाही. सांगायचा मुद्दा, इंजिनाचं ज्ञान कुठल्या लांबच्या हेड ऑफिसात नव्हतं. ते जिथे इंजिन चालायचं तिथेच होतं.

तिसरी गोष्ट हंगाम. क्यूबातलं गाळप साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत. त्याला 'साफ्रा' म्हणतात. उरलेले सहा-सात महिने इंजिन थंड. त्या काळात सगळी इंजिनं शेडमध्ये घेऊन खोलायची, धुवायची, बदलायची, पुन्हा जुळवायची. शिवाय हंगामातही वेग कमी, अंतरं छोटी. मुंबई-दिल्ली मेल ओढणाऱ्या इंजिनाला ही चैन नाही. म्हणून जगभरातल्या मोठ्या रेल्वेंवर वाफेची इंजिनं संपली तरी उसाच्या रेल्वेंवर ती तग धरून राहिली.

यावर जरा थांबा. आपण जे सॉफ्टवेअर सांभाळतो त्याला ऑफ-सीझन कधी असतो? एक रिलीज झाला की दुसरा. "हे मॉड्यूल एकदा खोलून साफ करायला हवं" हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्या वर्षी ऐकलं आणि आजही ऐकतोय. त्याच मॉड्यूलबद्दल.

चौथी गोष्ट माणसं. इंजिनाच्या कॅबमध्ये दोघं असतात, ड्रायव्हर आणि फायरमन. क्यूबातली बहुतेक इंजिनं कोळशावर नाही, तर जाड इंधन तेलावर चालायची, त्यामुळे फायरमनला फावडं मारावं लागत नसे. पण तेल किती, हवा किती, पाणी किती, हे सांभाळायचं कसब होतंच. आधी हेल्पर, मग फायरमन, मग ड्रायव्हर. म्हणजे प्रत्येक ड्रायव्हर अनेक हंगाम दुसऱ्या कुणाच्या शेजारी उभा राहून शिकलेला. केटी नावाचा जो प्रकार आपण दोन आठवड्यांत आणि चाळीस स्लाइडमध्ये उरकतो, त्याला तिथे वर्षं दिली जात.

आता ग्रुपवरच्या दुसऱ्या पार्टीकडे वळू. "मागासलेपणा" वाले. त्यांचंही अर्धं खरं आहे. क्यूबाने नवं काही आणलंच नाही असं नाही. सोव्हिएत डिझेल इंजिनं आली होती, बरीच आली होती. वाफेची इंजिनं उरली ती हौस म्हणून नाही, तर नाइलाज म्हणून. त्या शेडमधल्या फिटरला कुणी विचारलं असतं की नवं कोरं डिझेल पाहिजे की हे आजोबा, तर त्याने डिझेलच मागितलं असतं. त्याच्या घामावर आपण लांबून "काय जिगर!" म्हणून टाळ्या वाजवणं हे जरा सोपं आहे. टंचाईचं कौतुक टंचाई भोगणाऱ्याने करावं, दुसऱ्याने करू नये.

पण एक गोष्ट मागासलेपणावाल्यांच्या लक्षात येत नाही. ती इंजिनं जुनी होती म्हणून मेली नाहीत. १९७० साली क्यूबाने एक कोटी टन साखरेचं लक्ष्य ठेवलं होतं, ते हुकलं, तरी उत्पादन ८५ लाख टनांवर गेलं. १९९० च्या सुमारालाही ते ८० लाखांच्या आसपास होतं. ही साखर सोव्हिएत संघ बाजारभावापेक्षा चढ्या दराने घ्यायचा आणि बदल्यात तेल द्यायचा. त्याच तेलावर इंजिनं चालायची! म्हणजे बघा, आपल्याला वाटतं क्यूबाचा फिटर एकटा लढत होता. प्रत्यक्षात त्याच्या पाठीशी एक भलीमोठी डिपेंडन्सी उभी होती. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला आणि ती डिपेंडन्सी रातोरात गेली. तेल गेलं, गिऱ्हाईक गेलं, त्या डिझेलांच्या सुट्या भागांचीही बोंब झाली. मग २००२ साली सरकारने १५६ कारखान्यांपैकी सुमारे सत्तर बंद करायचं ठरवलं. २०२३ सालच्या हंगामात साखर निघाली ती साडेतीन लाख टनांच्या आसपास. ८० लाखांवरून साडेतीन लाख!

त्या सत्तर कारखान्यांच्या शेडमधली इंजिनं बिघडली नव्हती. काही तर नुकतीच खोलून जुळवलेली असतील. पण ओढायला ऊसच उरला नाही. काही इंजिनं गंजत पडली, काही गावच्या चौकात रंग देऊन उभी केली गेली, काही संग्रहालयात गेली. काइबारिएनजवळचा मार्सेलो सालादो नावाचा कारखाना आता साखर उद्योगाचं संग्रहालय आहे, तिथे ती बघायला मिळतात.

शेजारच्या बेटांवरही हेच. सेंट किट्सवर १९१२ पासून पुढे बेटाला वळसा घालत उसाची रेल्वे बांधत नेली, साखर उद्योग २००५ साली बंद पडला, आणि त्याच रुळांवर आता पर्यटकांची गाडी फिरते. अँटिग्वाच्या कारखान्यासाठी १९२७ साली इंग्लंडात बनलेलं 'जोन' नावाचं इंजिन १९७१ साली परत ब्रिटनला गेलं आणि वेल्समधल्या हौशी मंडळींच्या रेल्वेला मिळालं. तिथे ते चालू शकलं याचं साधं कारण म्हणजे रुळांची रुंदी तीच, अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. आणि गंमत म्हणजे आपली बार्शी लाइट रेल्वेही नेमकी याच रुंदीची होती. कॅरिबियनमधला मळा, वेल्समधलं खेडं आणि सोलापूर जिल्हा, तिघांचा इंटरफेस एक! स्टँडर्ड पाळण्याचा फायदा कुठे आणि कधी होईल सांगता येत नाही. (हे वाक्य मी आमच्या कोड रिव्ह्यूत चिकटवणार आहे.)

तर माझा मुद्दा एवढाच: यंत्रणा वयाने मरत नाही. ती मरते तेव्हा एकतर तिला समजून घेणारं माणूस उरलेलं नसतं, किंवा तिने करायचं काम उरलेलं नसतं. पहिलं आपल्या हातात असतं, दुसरं बहुधा नसतं. आणि आपण वर्षानुवर्षं वयावर बोट ठेवून या दोन्हींकडे दुर्लक्ष करतो. "जुनं आहे, नवीन लिहून काढू" हे मीटिंगमध्ये बोलायला फार सोपं आहे. जुन्याला काय कळत होतं जे नव्याला कळणार नाही, हे विचारायला कुणीतरी आधी जुनं वाचलेलं असावं लागतं. आजकाल तर एआयला सांगून आख्खा जुना कोड नव्या भाषेत करून घ्यायची टूम आहे. करा, जरूर करा. पण ठोका लंगडा पडतोय हे ऐकणारा कान कुणाचा असणार, हे आधी ठरवा.

इथे लेख संपवला असता तर छान गोड झाला असता. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे प्रामाणिक होणार नाही.

ती १८३७ ची रेल्वे कुणी बांधली? गुलामांनी, कैद्यांनी, आणि बाहेरून आणलेल्या आयरिश व कॅनरी बेटांवरच्या मजुरांनी. बरं, वाफेचं यंत्र आल्यावर माणसाचे कष्ट कमी झाले का? उलट, रेल्वेमुळे आतली नवी जमीन उसाखाली आली, आणि नव्या जमिनीला नवे हात लागले. क्यूबात गुलामी कायद्याने संपली १८८६ साली. म्हणजे पहिली गाडी धावल्यावर जवळजवळ पन्नास वर्षांनी. ट्रिनिदादमध्ये गुलामी आधी संपली, तर तिथे १८४५ ते १९१७ हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. गावसकरने ज्याच्यावरून मुलाचं नाव रोहन ठेवलं तो रोहन कन्हाय याच इतिहासातून आलेला, गयानातल्या पोर्ट मोरंट नावाच्या ऊसमळ्याच्या गावचा. (तिथे ऊस रेल्वेने नाही, कालव्यातल्या होड्यांनी जायचा, पण तोडणारे हात तेच.)

आणि ते ऑफ-सीझनचं मी एवढं कौतुक केलं ना? क्यूबात त्याला नाव होतं 'तिएम्पो मुएर्तो', मेलेला काळ. इंजिनाला दुरुस्ती, आणि ऊसतोड्याला बेकारी. क्रांतीपूर्वीच्या क्यूबात हंगाम संपला की लाखो माणसांच्या हाताला काम नसे. इंजिनाची सहा महिने काळजी घेणारी व्यवस्था माणसाला सहा महिने वाऱ्यावर सोडत होती. म्हणून यंत्रणा किती चांगली सांभाळली एवढं विचारून भागत नाही. ती कुणासाठी चालतेय आणि तिच्यासाठी कोण जागतंय, हेही विचारावं लागतं.

मी काल रात्री अडीच वाजता जागा होतो. माझी तुलना ऊसतोड्याशी करण्याचा मूर्खपणा मी करणार नाही, मला त्याचा बरा पगार मिळतो. पण आमच्याकडे अप्रेझलच्या फॉर्ममध्ये "नवीन काय केलं" याला रकाना आहे, "काय बंद पडू दिलं नाही" याला नाही. त्या मुलीने दोन वर्षांत काय काय बंद पडू दिलं नाही याची यादी करायला मी आज बसलो, तर दोन पानं झाली. ती यादी मी आजवर कुणालाच दाखवलेली नाही. वरच्यांना नाही आणि तिलाही नाही. यात फॉर्मची चूक कमी आणि माझी जास्त.

तर उद्या मी तिला काय सांगणार?

"सपोर्ट हेच थोर काम आहे, इथेच राहा" असं नाही सांगणार. क्यूबाच्या फिटरला दिलेल्या टाळ्यांसारखंच होईल ते. तिला नवीन प्रॉडक्टवर जायचं असेल तर तिने जावं, शब्द मी टाकीन. फक्त तीन गोष्टी करीन. ती दोन पानं तिच्या हातात देईन आणि वरही पाठवीन. तिच्या जागी येणाऱ्याला दोन आठवडे नाही, पूर्ण एक तिमाही तिच्या शेजारी बसवायची मागणी करीन. आणि वर्षातला एक महिना नवीन फीचर बंद, फक्त खोलायचं आणि साफ करायचं, असा एक छोटासा मेलेला काळ मागून बघीन. पगारी, अर्थात. तिसरी मागणी नामंजूर होणार हे मला आत्ताच माहीत आहे. तरी मागीन.

आणि तिच्या आईला माझा निरोप: काकू, सपोर्ट म्हणूनच सांगा. ज्याला त्याचा अर्थ कळेल, ते स्थळ चांगलं समजा.

चला, आज रात्री ड्यूटी दुसऱ्या कुणाची तरी आहे. मी झोपतो.